लबीबाची सहा झाडे

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, या एका देवाला स्मरून मी, फानूस वहबा खलील, वय त्र्याहत्तर, धंदा शेती आणि चर्चच्या भट्टीवर अर्पणाची भाकर करणे, राहणार नजलत बिशाय, मिन्या प्रांत, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते येथे लिहून ठेवतो. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट, लिहू नका असे सांगणारे घरात आहेत.

माझे डोके ठिकाणावर आहे. माझा मुलगा रिफअत याला त्याबद्दल शंका होती, म्हणून तो मला मल्लावीला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आज वार कोणता ते विचारले. मी वार सांगितला आणि मोठ्या उपवासाचा दहावा दिवस आहे तेही सांगितले. ते डॉक्टरांना ठाऊक नव्हते. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. डोके ठीक, हृदय नाही, असे त्यांचे म्हणणे. पायांना सूज आहे, भट्टीपासून वेदीपर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते. म्हणून हा कागद आता.

हे मी एका बैठकीत लिहिलेले नाही. बारा दिवस लागले, आणि मधे एक कलम बदलले. खाडाखोड मुद्दाम तशीच ठेवली आहे. वकिलांनी स्वच्छ प्रत करून देतो म्हटले होते. मी नको म्हणालो.

कलम एक. घर. वरचा मजला रिफअतला, खालचा माझी मुलगी मारसील हिला. दोन्ही मजल्यांना खोल्या सारख्या आहेत, मी फूटपट्टी लावून पाहिले आहे. हे मी बोललो तेव्हा रिफअत जिन्यात उभा होता. तो म्हणाला, "बाबा, ताई मिन्याला राहते. ती खालच्या मजल्याचं करणार काय?"

"कुलूप लावेल."

"आणि किल्ली तिच्या नवऱ्याच्या खिशात!"

"असू दे. मजला तिचा आहे."

आमच्याकडे मुलीला जमीनजुमला देत नाहीत, कारण तो परक्या घरात जातो. या रिवाजाबद्दल पुढे चौथ्या कलमात सविस्तर लिहिले आहे. इथे एवढेच की या घरापुरता तो रिवाज माझ्याबरोबर संपला.

कलम दोन. पैसा. टपालाच्या बचत खात्यात जे असेल ते दोघांनी निम्मे-निम्मे घ्यावे. माझ्या अंत्यविधीला ध्वनिक्षेपक लावू नये. माझी बायको मतीलदा गेली तेव्हा लावला होता. तिचे नाव दोनदा चुकीचे पुकारले गेले.

कलम तीन. हत्यारे. खजुरीवर चढायचा दोर आणि पाठीचा पट्टा रिफअतने घ्यावा, पण वापरू नये. तो चढणारा नाही, त्याला खाली उभ्यानेच चक्कर येते. कोयता चांगला आहे. कणीक मळायची लाकडी परात चर्चला परत द्यावी. बारा क्रुसांची लाकडी मोहरही चर्चचीच, ती माझ्या उशाशी असते म्हणून कोणी माझी समजू नये. चाळीस वर्षे मी ती पिठावर दाबली, तिचा दांडा माझ्या तळव्याच्या आकाराचा झाला आहे. पुढच्या माणसाला सुरुवातीला टोचेल, मग सवय होईल.

पुढच्या माणसासाठी सूचना. चर्चच्या मागच्या अंगणातल्या त्या खोलीला आपण बेथलेहेम म्हणतो, तेव्हा तिथे बिडी ओढायची नाही. पीठ, पाणी, खमीर, मीठ नाही. मळताना स्तोत्रे म्हणायची, गावच्या भानगडी नाहीत. मोहरेभोवती पाच भोके नीट आरपार पाडायची, नाहीतर भाकर फुगते आणि वर चीर पडते. अबूना, म्हणजे आपले पाळक, टोपलीतून एकच भाकर वेदीसाठी निवडतात, उलटीसुलटी करून, बोट फिरवून. बाकीच्या भाकरी लोकांना वाटायच्या.

माझा शेजारी शाकिर बुत्रुस याने सोळा वर्षांपूर्वी इस्टरच्या रात्री सर्वांसमोर म्हटले होते, "फानूस, तुझ्या भाकरीला चीर आहे." चीर नव्हती. टोपलीच्या काडीचा वळ होता. मी त्याला माफ केले आहे. पण चीर नव्हती.

कलम चार. कालव्याकाठची पट्टी आणि खजुरीची झाडे. खजुरीच्या बारा माद्या आणि बांधावरचा एक नर, ही माझ्या वडिलांनी, वहबा खलील यांनी लावलेली झाडे. वडील वारले तेव्हा आम्ही दोघे उरलो, मी आणि धाकटी बहीण लबीबा. ती तेव्हा पंचवीस वर्षांची, तीन गावांपलीकडे नांदत होती. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर, घरात माणसे जेवत असताना, मी तिला रदवा दिला. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी: बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडावा म्हणून तिला जी समजुतीची भेट देतात ती. मी शिवणयंत्र दिले आणि तीन वार मखमल. शिवणयंत्र जुने होते.

ती म्हणाली, "दादा, जमीन तू ठेव. मला तेवढं ते कोपऱ्यातलं झाड दे, अब्बांनी मी जन्मले तेव्हा लावलेलं."

मी म्हणालो, "ते तुझंच आहे, वेडे. कागदाशी त्याचा काय संबंध?"

मग मी तिला कागद वाचून दाखवला. तिला वाचता येत नव्हते. त्यात लिहिले होते की पट्टीवरील सर्व झाडांवरचा हक्क ती सोडत आहे. ते वाक्य मी वाचले नाही. तिने अंगठा उठवला. त्या वर्षी तूत महिन्यात, म्हणजे सप्टेंबरच्या उन्हात, ती टोपली घेऊन त्या झाडाचा खजूर न्यायला आली, तेव्हा मी तिला कागद दाखवला. टोपली तिथेच झाडाखाली ठेवून गेली. ती टोपली मी बरीच वर्षे वापरली.

हे सगळे मी अबूना बिसादा यांच्यापुढे कबूल केले तेव्हा मला भट्टीवर दोन वर्षे झाली होती. आमच्या चर्चचे ते जुने पाळक. त्यांच्या आवाजात कधी चढउतार नसे. ते म्हणाले, "मग दे तिला तिचं."

मी म्हणालो, "अबूना, प्रायश्चित्त सांगा. शंभर दंडवत घालतो. बुधवार-शुक्रवार सूर्य मावळेपर्यंत पाणी पिणार नाही."

"मी काय म्हणालो?"

"पहिल्या तोडीचा सगळा खजूर चर्चला देतो, दरवर्षी."

"फानूस, तुला आज्ञा एक मिळाली आहे आणि तू मला दहा दुसऱ्या विकायला बसलायस. तिचं तिला दे आणि मग प्रभुभोजनाला ये. तोवर नको."

"आणि भट्टी?"

"भट्टी चालू ठेव. भाकर देवाची आहे, तुझी नाही."

मी शंभर दंडवत घातले. बुधवार-शुक्रवार पाणी सोडले. पहिल्या तोडीचा खजूर अडतीस वर्षे चर्चला दिला, उत्तम प्रतीचा, पोत्यात वर-खाली सारखा. झाडे तिला दिली नाहीत. आणि झाले असे की कोपऱ्यातले ते झाड बाराही झाडांत सर्वांत जास्त धरू लागले. घडांना टेकू द्यावे लागत. मला वाटले, देवाचा राग असता तर एवढे फळ आले असते का? एका वर्षी हे मी अबूनांना बोलूनही दाखवले.

ते म्हणाले, "झाडाला काय ठाऊक मालक कोण? नराचा तुरा बांधला की ते फळतं. मी तुझ्या फळाबद्दल विचारतोय, झाडाच्या नाही."

अबूना बिसादा वारून आता नऊ वर्षे झाली. शेवटपर्यंत त्यांनी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही आणि मला एकदाही सूट दिली नाही.

म्हणून लिहितो: ~~माझ्या मृत्यूनंतर बारांपैकी कोपऱ्यातली सहा झाडे, त्यांखालच्या पट्टीसह, माझी बहीण लबीबा वहबा खलील हिला मिळावीत, त्यांत तिच्या जन्माचे झाड असावे.~~

(वरील ओळ मी स्वतः खोडली आहे. का, ते सहाव्या कलमात.)

कलम पाच. माझ्याबद्दल काय बोलावे. मी अडतीस वर्षे प्रभुभोजन घेतले नाही. लोक रांगेने पुढे जात आणि मी मागच्या खांबाला टेकून उभा राही. नंतर वाटायच्या भाकरीचा तुकडाही घेत नसे. गावाने याचा अर्थ असा लावला की फानूस फार नम्र आहे, स्वतःला योग्य समजत नाही. बायका मुलांना माझे उदाहरण देत. एका उपदेशात माझे नाव न घेता माझ्याबद्दल सांगितले गेले आणि सगळ्यांनी मागे वळून खांबाकडे पाहिले. मी मान खाली घातली, म्हणजे आणखीच नम्र दिसलो.

मतीलदाने एकदाच विचारले होते. पिठाचे हात धूत असताना ती म्हणाली, "अख्खं गाव तुमच्या हातची भाकर खातं. तुम्ही उपाशी का?" मी म्हणालो, पोट बरे नाही. तीस वर्षे पोट बरे नव्हते.

माझ्या अंत्यविधीला कोणीही, अबूनांनीसुद्धा, माझ्या नम्रतेबद्दल एक अक्षर बोलू नये. ती नम्रता नव्हती. सांगितलेले काम करायचे नव्हते, एवढेच होते. कोणी बोलू लागल्यास मारसीलने उभे राहून हे कलम मोठ्याने वाचावे. तिचा आवाज खणखणीत आहे.

कलम सहा. चौथे कलम का खोडले. इथवर लिहून मी कागद घेऊन अबूना अर्सानी यांच्याकडे गेलो. हे आमचे आत्ताचे अबूना, वयाने माझ्या मुलाहून लहान. मला फार हलके वाटत होते. मी म्हणालो, "अबूना, लिहून टाकलं. या रविवारी मला प्रभुभोजन द्याल ना?"

त्यांनी चष्मा लावून वाचले. मग म्हणाले, "फानूसकाका, इथे लिहिलंय तुमच्या मृत्यूनंतर."

"हो. मृत्युपत्रच आहे ते."

"म्हणजे आज्ञा तुम्ही मेल्यावर पाळणार. मग प्रभुभोजनही मेल्यावरच घ्या की. घाई काय आहे?"

मी रागावलो. ते हसत नव्हते. म्हणाले, "मला नका विचारू. लबीबाआत्यांना वाचून दाखवा. त्या काय म्हणतात ते मला येऊन सांगा."

तिचे घर तीन गावांपलीकडे. मी टुकटुक करून गेलो. त्रेचाळीस वर्षांत लग्ने-मयतींत भेटलो होतो, सलाम केला होता, पण तिच्या उंबरठ्याच्या आत मी गेलो नव्हतो. ती ओसरीवर बसून मसुरीतले खडे निवडत होती. उठली नाही. म्हणाली, "बस. उपवासाचे दिवस आहेत, चहात दूध नाही मिळायचं."

मी कागद काढला आणि चौथे कलम वाचू लागलो. दोन ओळी झाल्या असतील. तिने हात पुढे केला.

"दे इकडे."

"मी वाचतोय ना."

"मागच्या खेपेलाही तूच वाचला होतास."

मी कागद दिला. ती साठीची झाल्यावर चर्चच्या साक्षरता वर्गाला गेली, हे मला ठाऊक नव्हते; कोणी सांगितले नव्हते आणि मी विचारले नव्हते. ती बोट ठेवून एकेक शब्द वाचत होती. वाचायला तिला इतका वेळ लागला की माझा चहा गार झाला. ज्या वाक्यात मी कागद अर्धा वाचल्याचे लिहिले आहे तिथे तिचे बोट थांबले, मग पुढे गेले.

"मृत्यूनंतर," ती म्हणाली. "तुझ्या."

"हो."

"म्हणजे मी रोज सकाळी उठून शेजारणीला विचारायचं, अगं, मेला का माझा भाऊ? अडुसष्ट वर्षांची बाई मी. मला माझ्या भावाच्या मरणाची वाट बघायला लावतोस? आधी झाड घेतलंस, आता हे पाप माझ्या गळ्यात बांधतोस?"

"लबीबा, तसं नव्हतं मनात."

"मग कसं होतं? सांग."

मी सांगितले. रिफअतला त्या पट्टीवर घर बांधायचे आहे. मी जिवंत असताना झाडे दिली तर त्याचे तोंड मला रोज बघावे लागेल. पारावर लोक म्हणतील, फानूस म्हातारपणी बहिणीपुढे वाकला. मेल्यावर यातले काही बघावे लागणार नाही.

तिने मसुरीची परात मांडीवरून खाली ठेवली. "म्हणजे देणार तू, आणि सोसणार रिफअत, तेही तू कबरीत पडल्यावर. दादा, मला मेलेल्या माणसाकडून काही नको. द्यायचं असेल तर तुझ्या पायांनी तिथे उभा राहा आणि दे. नाहीतर ठेव तुझी झाडं. त्रेचाळीस वर्षं मी काही खजुराविना मेले नाही."

निघताना मी विचारले, निदान या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करशील का. ती म्हणाली, "जिला त्यातून मिळणार ती साक्षीदार कशी होईल? वकिलाला विचार. एवढं मलासुद्धा कळतं." वकिलांना विचारले. तिचे बरोबर होते.

त्या दिवशी परतताना मी टुकटुक अबूना अर्सानींच्या दारात थांबवली नाही. त्यांना सांगण्यासारखे काही नव्हते.

कलम सात. पुढे काय झाले. बरमहात महिन्याच्या बाराव्या दिवशी, गुरुवारी, मी नोंदणी कचेरीत जाऊन सहा झाडे आणि त्यांखालची पट्टी लबीबाच्या नावे केली. रिफअत कचेरीच्या बाहेर उभा राहिला, आत आला नाही. मी बाहेर आल्यावर म्हणाला, "झालं? आता लोक माझ्या तोंडावर हसतील."

"माझ्याही हसतील."

"तुमचं काय, तुम्ही खांबाला टेकून उभे राहाल."

एवढे खरे बोलणे तो माझ्याशी पूर्वी कधी बोलला नव्हता. मी त्याला पाचवे कलम तिथेच, कचेरीच्या पायऱ्यांवर, वाचायला दिले. त्याने वाचले. परत देताना घडी माझ्याहून नीट घातली.

शुक्रवारी आम्ही पट्टीवर गेलो. तुरे बांधायचे दिवस होते, चढणारा गडी वर होता. लबीबा काठी टेकत आली. मी कोपऱ्यातल्या झाडाला हात लावून म्हणालो, "हे तुझं. आणि ही पाच. मी जिवंत आहे आणि शुद्धीवर आहे, दाखला घरी आहे."

ती वर शेंड्याकडे बघत म्हणाली, "आणि नर कुणाचा?"

"बांधावर आहे. दोघांचा."

"बरं झालं. नाहीतर दरवर्षी तुझ्या दारात तुरे मागायला यावं लागलं असतं."

लहानपणी वडील झाडावर असत तेव्हा ती खालून नराचे तुरे दोरीला बांधून वर देई आणि मी नुसताच ओरडत असे. आताही तिने गड्याला तुरे बांधून दिले. मी ओरडलो नाही; दम लागतो. मग मी म्हणालो, "लबीबा, एक टोपली होती तुझी. झाडाखाली राहिलेली."

"मोडली असेल."

"मोडली. मीच मोडली, वापरून."

"मग नवी आणून दे," ती म्हणाली. "मोठी आण. सहा झाडं आहेत."

घरी सोडायला टुकटुक मिळेना. रिफअतने मोटरसायकल काढली आणि आत्याला मागे बसवून पोहोचवले. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. ते मला आता रोज बघावे लागते, आणि ते योग्यच आहे.

शनिवारी मी अबूना अर्सानींना सारे सांगून आलो; ते म्हणाले, या. रविवारी भट्टीवरून पाच भाकरी टोपलीत गेल्या. अबूनांनी तिसरी निवडली. प्रार्थना संपल्यावर मी खांबापासून निघालो. शाकिरने मला वाटेत धरले, त्याला वाटले मला भोवळ आली. मी म्हणालो, "सोड, रांगेत जातोय." तो म्हणाला, "तू? कुठल्या रांगेत?" मग त्याने सोडले आणि आपल्यापुढची जागा मला दिली. लबीबा बायकांच्या बाजूला होती.

त्या भाकरीत मीठ नसते हे माझ्या हातांना चाळीस वर्षे माहीत होते. जिभेला आठवत नव्हते.

कलम आठ. उरलेले. उरलेली सहा झाडे रिफअत आणि मारसील यांनी तीन-तीन घ्यावीत. पट्टीवर घर बांधायला जागा पुरत नसेल तर बांधू नये. पहिल्या तोडीचा खजूर चर्चला द्यायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मी देत होतो त्यामागचे कारण आता उरलेले नाही. ज्याला आनंदाने द्यावेसे वाटेल त्याने द्यावा. लबीबाने टोपली मागितली आहे. बाजाराच्या दिवसापर्यंत मी राहिलो तर मी आणीन, नाही तर रिफअतने आणावी. मोठी.

शिवणयंत्राबद्दल: ते परत मागू नये.

चौथ्या कलमातील ओळ खोडलेली असल्याने माझी बहीण लबीबा हिला या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. हे वकिलांनी वाचून पाहिले आणि होकार दिला. त्यामुळे तिला खाली सही करण्यास आता काही अडचण नाही. शाकिरने तिच्यासाठी शाईची डबी उघडली होती. तिने ती बंद करून त्याच्याकडे परत सरकवली आणि पेन मागितले. सही करण्याआधी तिने हा सगळा कागद, पहिल्या ओळीपासून या ओळीपर्यंत, स्वतः वाचला. आम्ही बसून राहिलो.

लिहून देणार: फानूस वहबा खलील

साक्षीदार पहिला: शाकिर बुत्रुस, शेजारी. (चीर होती. — शा. बु.)

साक्षीदार दुसरी: लबीबा वहबा खलील, बहीण. वाचून, स्वतःच्या हाताने.

ठिकाण: नजलत बिशाय, मिन्या प्रांत
सोमवार, १६ बरमहात, हुतात्म्यांचे वर्ष १७३५. इसवी सन २०१९, मार्च २५